अर्ध्या सेकंदाचा सौदा

३.४ आणि ३.९.

शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला पोर्श ९११ जीटी३ला लागणारे हे सेकंद. २०२१ साली आलेल्या गाडीचे, खुद्द कंपनीने छापलेले. पहिला आकडा पीडीकेचा. म्हणजे स्टिअरिंगमागच्या पॅडलला बोट लावलं की गिअर बदलणाऱ्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचा. दुसरा मॅन्युअलचा. म्हणजे डाव्या पायाखाली क्लच आणि हाताशी गिअरचा दांडा. फरक अर्ध्या सेकंदाचा. असल्या अर्ध्या सेकंदापायी जगातल्या बहुतेक स्पोर्ट्स कार कंपन्यांनी तिसरं पेडल काढून टाकलं.

माझा प्रश्न साधा आहे. वाचलेला हा अर्धा सेकंद कुणाच्या कामी आला?

रेसच्या ड्रायव्हरच्या कामी आला, हे आधी कबूल करू. त्याबद्दल वाद घालणाऱ्याला शर्यतींचा इतिहास माहीत नाही. २६ मार्च १९८९, रिओचं जाकारेपाग्वा सर्किट, फॉर्म्युला वनची शर्यत. जॉन बर्नार्डने फेरारी ६४० आखली तेव्हा त्याच्या मनात निव्वळ वेग नव्हता. कॉकपिटमधून मागे गिअरबॉक्सपर्यंत जाणारा दांडा आणि त्याच्या सळ्या त्याला नको होत्या, गाडी अरुंद करायची होती. म्हणून त्याने गिअर स्टिअरिंगमागे आणले आणि ते बदलायचं काम तारांवर आणि हायड्रॉलिक दाबावर सोपवलं. चाचण्यांमध्ये ही यंत्रणा सारखी बंद पडत होती. शर्यत पुरी होईल असं संघातही फारसं कुणाला वाटत नव्हतं. नायजेल मॅन्सेल ती शर्यत जिंकला. त्यानंतर त्या हंगामात तीच गाडी कितीदा अर्ध्यावर थांबली ते सोडा. दार उघडलं होतं.

दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, इंटरलागोसला आयर्टन सेनाने दुसऱ्या बाजूची सगळी किंमत एका दुपारी मोजली. मॅक्लारेन एमपी४/६, सहा गिअरची, मॅन्युअल. मागे मॅन्सेल, अर्ध-स्वयंचलित गिअरबॉक्सच्या विल्यम्समध्ये. मॅन्सेलचा गिअरबॉक्स गेला आणि तो बाहेर पडला. पण सेनाचेही गिअर एकेक करून जायला लागले होते. शेवटच्या फेऱ्यांमध्ये त्याच्याकडे उरला फक्त सहावा. हळू वळणांतही सहावाच, वर पाऊस. तीन सेकंदांहून कमी फरकाने तो मायभूमीत पहिल्यांदा जिंकला आणि व्यासपीठावर चषक उचलायलाही त्याच्या हातांत बळ उरलं नव्हतं. त्या वर्षीचं विजेतेपदही त्यालाच मिळालं. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीने जिंकलेलं फॉर्म्युला वनचं ते शेवटचं विजेतेपद. पुढच्या वर्षी विल्यम्सने मैदान झाडून नेलं आणि विषय मिटला.

शर्यतीत तो मिटायलाच हवा होता. तिथे घड्याळ हाच न्यायाधीश असतो. अपील नाही.

पण रस्त्यावरच्या गाडीला हा न्यायाधीश कुणी नेमला? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे. जीटी३चं इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत फिरतं. ही मर्यादा ती दुसऱ्या गिअरमध्येच मागे टाकते. पॅडलच्या गाडीत रस्त्यावर ड्रायव्हरच्या वाट्याला येतं काय? दोनदा बोट हलवायचं आणि मग गप्प बसायचं. कोट्यवधी रुपये मोजलेल्या माणसाला गाडीने कामावरून काढून टाकलेलं असतं.

पॅडलचा रस्त्यावरचा इतिहासही ऐका, कारण तो विकणारे सांगत नाहीत. १९९७ मध्ये फेरारीने एफ३५५ला पॅडल बसवली आणि गाडीच्या नावातच ‘एफ१’ जोडलं. आत गिअरबॉक्स तोच, जुना. क्लचही एकच. फरक इतकाच की क्लच दाबायला पायाऐवजी मॅग्नेटी मारेली कंपनीची इलेक्ट्रो-हायड्रॉलिक यंत्रणा. ती क्लच तोडणार, गिअर सरकवणार, पुन्हा क्लच जोडणार. तेवढ्या वेळात इंजिनाची ओढ तुटणार आणि बसणाऱ्याची मान पुढे जाऊन मागे येणार. हे वर्णन ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी आणलं तेही मॅग्नेटी मारेलीचंच, त्याच कल्पनेतून आलेलं. उड्डाणपुलाच्या चढावर एएमटीच्या गाडीत मान हलते ना, तीच मान मोजक्या श्रीमंतांनी नव्वदच्या दशकात फेरारीत हलवून घेतली. सेलेरिओत ती यंत्रणा योग्य जागी आहे. रोज कोंडीत अडकणाऱ्या माणसाचा डावा पाय तिने कमी पैशांत सोडवला. फेरारीत तिने काय सोडवलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

पुढे दुहेरी क्लच आला. २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ने तो रस्त्यावर आणला, २००८ मध्ये ९११मध्ये पीडीके आलं. अभियांत्रिकी म्हणून ही रचना फार सुंदर आहे. एका क्लचवर एक-तीन-पाच, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तुम्ही तिसऱ्यात चालवत असता तेव्हा चौथा आधीच गुंतून तयार असतो. पॅडल ओढलं की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. ओढ तुटत नाही, मान हलत नाही. ज्यांनी हे घडवलं त्यांच्या डोक्याला माझा नमस्कार. फेरारीने २००९ मध्ये ४५८ इटालिया याच गिअरबॉक्सवर काढली आणि मॅन्युअलचा पर्यायच ठेवला नाही. गिऱ्हाईकच मागत नाही, असं कारण पुढे केलं गेलं.

आणि इथेच बाजाराने असं म्हणणाऱ्यांना उघडं पाडलं.

दुहेरी क्लच आल्याबरोबर एकेरी क्लचच्या पॅडलगाड्या एका रात्रीत म्हाताऱ्या झाल्या. त्या काळचं अत्याधुनिक तंत्र आज हळू, झटके देणारं आणि दुरुस्तीला महाग ठरतं. पंप जातात, क्लच झिजतात. फेरारी एफ४३० आज विकायला निघाली तर मॅन्युअलची किंमत पॅडलवालीच्या पुष्कळ वर असते. ५९९ जीटीबी मॅन्युअल जगात तीसच्या आसपास बनल्या. त्यांच्या किमती तर डोकं गरगरवणाऱ्या. जुन्या पॅडलगाड्या उघडून त्यांत तिसरं पेडल आणि दांडा बसवून देणाऱ्या कार्यशाळा परदेशात त्यावर पोट भरतात. वीस वर्षांपूर्वी ज्या सुधारणेसाठी जास्तीचे पैसे भरले, तीच सुधारणा काढून टाकण्यासाठी आज पुन्हा पैसे भरले जात आहेत!

कारण उघड आहे. सर्वांत वेगवान असणं ही नासणारी गोष्ट आहे. आजचं सर्वांत जलद पॅडल उद्याच्या पॅडलपुढे मंद ठरणार, आणि मंद पॅडलकडे दुसरं काहीच द्यायला नसतं. १९७० च्या दशकातल्या चांगल्या मॅन्युअल ९११चा दांडा त्या दिवशी जे देत होता, तेच आजही देतो. त्याने वेगाचा वायदा केलाच नव्हता, त्यामुळे तो मोडण्याचा प्रश्न येत नाही.

शिवाय सेकंदांचाच हट्ट असेल तर पॅडलही हरलेलं आहे. टेस्लाची मॉडेल एस प्लेड ही घरगुती सेडान. ताशी ६० मैलांचा वेग दोन सेकंदांच्या आत, असा कंपनीचा दावा. क्रोएशियाच्या रिमाक नेव्हेराने शून्य ते शंभर १.८१ सेकंदांत मारलेलं आहे. तिला गिअर बदलणं हा प्रकारच नाही. म्हणजे घड्याळ हेच माप मानलं तर पेट्रोलची स्पोर्ट्स कार घेण्याचं कारणच संपतं. मॅन्युअलचं संपतं तसं पॅडलचंही. पेट्रोलची गाडी आता घ्यायची ती एकाच कारणासाठी: ती आपण चालवायची असते. आणि हे कारण मानलं की पॅडलची बाजू घ्यायला जागा उरत नाही.

ह्युंदाईच्या अभियंत्यांना हे फेरारीच्या आधी कळलं, असं मी म्हणतो. आयोनिक ५ एन ही विजेची गाडी. गिअर बदलायला तिच्यात काही नाही. तरी स्टिअरिंगमागे पॅडल आहेत. ती ओढली की मोटार मुद्दाम क्षणभर ओढ तोडते, स्पीकर इंजिनाचा आवाज काढतात, फेऱ्यांच्या लटक्या मर्यादेला जाऊन गाडी अडखळतेही. ज्यांनी चालवली त्यांना मजा आली, आणि त्यांच्या मजेवर मला शंका नाही. पण त्यातून पॅडलबद्दल काय सिद्ध होतं ते बघा. गिअरबॉक्स नसताना पॅडलचा अनुभव सॉफ्टवेअरमधून हुबेहूब देता येतो, कारण पॅडल हे मुळात बटण आहे. गिअरबॉक्स असला काय आणि नसला काय, बोटाला फरक कळत नाही.

क्लचचा डाव्या पायाला कळतो.

घाटातलं वळण येतंय. तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं आहे. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर. डाव्याने क्लच खाली. हात दांडा न्यूट्रलमधून ओढतो आणि त्याच क्षणी उजव्या पायाची कड ॲक्सिलरेटरवर टेकते, एक छोटी रेस, इंजिनाच्या फेऱ्या दुसऱ्या गिअरला लागतील तेवढ्या वर. ब्रेकवरचा दाब मात्र तसूभर बदलता कामा नये. दांडा आत जातो, क्लच सुटतो. रेस कमी पडली तर मागची चाकं क्षणभर अडतात, ओल्या रस्त्यावर तर गाडीची शेपूट हलते. जास्त झाली तर गाडी पुढे उसळते. बरोबर जमली तर काहीच होत नाही, आणि ते ‘काहीच न होणं’ साधायला वर्षं लागतात. दोन पाय, एक हात, कान आणि कंबर. हे सगळं एका सेकंदाच्या आतबाहेर. आता यातून वाचलेल्या अर्ध्या सेकंदाचं कौतुक मला ऐकवू नका. हा अर्धा सेकंद खर्च करण्यासाठीच तर माणूस पहाटे उठून घाटात जातो.

आणि चूक? होते. पाचव्यातून चौथ्यात टाकायला जावं आणि घाईत दुसरा पडावा, तर चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे ओढून नेतात. व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात आणि इंजिन गेलं. पॅडल अशी चूक करूच देत नाही, मागणी नाकारून मोकळं होतं. पॅडलचे वकील हा मुद्दा विजयी मुद्रेने मांडतात. मला तो उलट बाजूचा वाटतो. जिथे चुकता येत नाही तिथे जमल्याचा आनंद कुठून आणायचा?

एका बाबतीत मात्र पॅडलविरुद्ध मी एक शब्द ऐकून घेणार नाही. ज्यांचा डावा पाय साथ देत नाही त्यांना दोन पेडलच्या गाडीने ड्रायव्हिंगचं दार उघडून दिलं. त्यांच्यासाठी ही यंत्रणा सर्वोत्तमच असली पाहिजे. माझं भांडण पर्याय असण्याशी नाही, पर्याय काढून घेण्याशी आहे.

त्या भांडणात सर्वांत बोलका साक्षीदार पुन्हा पोर्शच. २०१३ मध्ये त्यांनी जीटी३ फक्त पीडीकेसह आणली. जुने गिऱ्हाईक चिडले. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर काढली: ५०० अश्वशक्ती, सहा गिअरचं मॅन्युअल आणि दुसरा पर्याय नाही. फक्त ९९१ गाड्या. हातोहात संपल्या आणि बघता बघता मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकायला लागल्या. पुढच्याच वर्षी जीटी३मध्ये मॅन्युअल परत आलं. कुणी मागत नाही म्हणणाऱ्यांचं तोंड तिथेच बंद व्हायला हवं होतं. टोयोटाचीही तीच गत: जीआर सुप्रा २०१९ मध्ये फक्त ऑटोमॅटिक, २०२२ मध्ये मॅन्युअल हजर.

मग एप्रिल २०२५. नुर्बर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर, २०.८ किलोमीटरच्या फेरीत, यॉर्ग बर्गमायस्टरने नव्या जीटी३ची वेळ लावली: ६ मिनिटं ५६.२९४ सेकंद. मॅन्युअल गिअरबॉक्स. आधीची जीटी३ २०२१ मध्ये पीडीकेसह याच फेरीला ६ मिनिटं ५९.९२७ सेकंद घेत होती. नव्या गाडीलाच पीडीके लावलं असतं तर वेळ आणखी उतरली असती, हे उघड आहे. चार वर्षांत बाकीची गाडीही सुधारली. पण सात मिनिटांच्या आतली ही फेरी हाताने गिअर टाकून मारलेली आहे. मॅन्युअल म्हणजे मागास, हे म्हणायची सोय आता राहिली नाही.

‘आजच्या इंजिनांचा टॉर्क मॅन्युअल गिअरबॉक्स पेलू शकत नाही’ ही आणखी एक लोणकढी. डॉज व्हायपर १९९१ ते २०१७ अशी जगली; शेवटी शेवटी ८०० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क आणि जन्मभर मॅन्युअल, दुसरं काही कधी नव्हतंच. ॲस्टन मार्टिनने २०२३ मध्ये व्हॅलर काढली: दोन टर्बोचं व्ही१२ इंजिन, ७५३ न्यूटन-मीटर, सहा गिअरचं मॅन्युअल. गॉर्डन मरेची टी.५० तर १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाते आणि तिलाही दांडाच आहे. त्याच मरेने टी.५०ची फक्त ट्रॅकसाठीची आवृत्ती केली, तिला पॅडल दिली. रस्त्याला दांडा, ट्रॅकला पॅडल. कुठे काय हवं ते कळणारा हा माणूस. बाकीच्यांची अडचण यंत्राची नाही. दोन गिअरबॉक्सची दोनदा चाचणी, उत्सर्जनाचं दोनदा प्रमाणपत्र, दुप्पट सुटे भाग. एवढा खर्च करायचा नाही, हे खरं कारण. तसं स्पष्ट सांगावं. टॉर्कच्या आड लपू नये.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं खरोखर फिरतं ती सांगतो. व्हॅलरच्या गाड्या ११०. टी.५०च्या १००. पोर्शने २०२३ मध्ये ९११ एस/टी काढली, हलका क्लच, हलकं फ्लायव्हील, चालवण्यासाठी जन्मलेली, संख्या १,९६३. मॅन्युअल परत आलं, पण क्रमांकाची पट्टी लावून, तिजोरीतला ऐवज म्हणून. घेणारे ती गुंतवणूक म्हणून घेतात आणि वातानुकूलित गॅरेजात झाकून ठेवतात. किलोमीटर वाढला की भाव उतरतो ना! अमेरिकेत तर पोर्शला एस/टी पहिलं वर्षभर भाडेकरारावर द्यावी लागली, ताब्यात येताच कुणी ती नफ्याने विकू नये म्हणून. ज्या गिअरबॉक्सचं सगळं मोल चालवण्यात आहे, तो न चालवण्याची चैन झाला. फेरारीने मॅन्युअल मारलं, त्यापेक्षा हा अपमान मोठा आहे.

आणि मॅन्युअल देणाऱ्या सगळ्यांनी ते नीट दिलं असंही नाही. २०१२ च्या सुमाराचं ९११चं सात गिअरचं मॅन्युअल पीडीकेच्या भागांवर बेतलेलं होतं, आणि सातव्याच्या शोधात हात चुकायचा. केमन जीटी४चे गिअर इतके लांब की दुसराच ताशी १३० च्या पलीकडे जातो. मग घाटात दांड्याला काम काय? ताज्या जीटी३मध्ये पोर्शने गिअरिंग आखूड केलं, हे शहाणपण. डाउनशिफ्टला आपोआप रेस देणारी सोय असेल तर असू द्या, पण ती बंद करायचं बटण हवंच.

पुण्यातला वाचक म्हणेल, हिंजवडीच्या कोंडीत एक तास क्लच दाब आणि मग बोल. बरोबर आहे. ऑफिसच्या गाडीला ऑटोमॅटिक घ्या, आजच घ्या, पायाला जपा. मी स्पोर्ट्स कारबद्दल बोलतो आहे. जी कुणाला ऑफिस गाठण्यासाठी लागत नाही आणि जिचं अस्तित्व केवळ चालवण्याच्या सुखावर उभं आहे, तिच्याबद्दल.

फेरारीला माझी मागणी आहे. २०२४ च्या ‘दोदिची चिलिंद्री’त टर्बो नसलेलं व्ही१२ इंजिन आहे, ९,५०० फेऱ्यांपर्यंत जाणारं. असं इंजिन आज जगात फार थोडे जण बनवतात. त्याला गिअरबॉक्स एकच: आठ गिअरचा, दुहेरी क्लचचा. त्याला दांडा द्या. शंभर गाड्यांची खास आवृत्ती काढू नका, किमतीच्या यादीत साध्या पर्यायासारखा छापा.

आणि आपल्याकडे ज्यांच्या खिशाला झेपतं त्यांच्याकडेही मागणी आहे. बीएमडब्ल्यूने २०२३ मध्ये भारतात एम२ आणली ती दोन्ही गिअरबॉक्सच्या पर्यायांसह. गाडी नोंदवताना मॅन्युअल मागा. डीलर म्हणेल, पुढे विकताना भाव येणार नाही. एफ४३०च्या दोन जाहिराती शोधा, एक पॅडलची आणि एक दांड्याची, आणि त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा.